कोऱ्या कागदाच्या बाई

माझ्या जाऊबाईंबद्दल सांगायला दुसरं कुणी असतं तर बरं झालं असतं. मी सांगणार म्हणजे मध्येच कुठेतरी माझी जीभ वाकडी होणार. पण त्यांना मी जितकं बघितलंय तितकं त्यांच्या नवऱ्यानेही बघितलेलं नाही. ज्याचा हेवा वाटतो ना, त्याच्या बांगडीला पडलेली चीरसुद्धा आपल्याला ठाऊक असते. मी त्यांना अठरा वर्षं पाण्यात पाहिलं. ते लपवून आता काय करायचंय?

आमची बेकरी घराच्या पुढच्या अंगाला. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढल्या की दुकान, दुकानामागे भट्टीची खोली, मग एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. जाऊबाई भट्टीच्या खोलीत आणि मी बोळाच्या टोकाला. म्हणजे कौतुक सगळं पुढच्या दारी आणि भांडी मागच्या दारी. मोठे भावजी भट्टी सांभाळायचे, आमचे हे गाडीवरून पाव पोचवायचे, आणि सासरे, म्हणजे मामंजी, दुकानात उंच स्टुलावर बसून सगळ्यांवर देखरेख करायचे.

मामंजींनी बेकरी सुरू केली तेव्हापासून एक पद्धत पाडली होती. पहाटेच्या पहिल्या खेपेतलं एक बिस्कीट चांगलं गार होऊ द्यायचं. गार झालं की ते पांढऱ्या कागदावर ठेवून कागद दुकानाच्या काचेमागे मांडायचा. तासाभराने, बरोबर दहाला, मामंजी बिस्कीट उचलायचे आणि तो कागद उजेडासमोर धरायचे. कागद कोरा असला तर तो चिमट्याने दोरीला लावायचा. दिवसभर येणारं-जाणारं माणूस तो बघायचं. डाग पडला असला तर ती खेप निम्म्यात विकायची, आणि ज्याच्या हातची ती असेल त्याने मान खाली घालून दिवस काढायचा. “तूप भट्टीत जळून जातं, मागे नुसती चव राहते. ज्याचं जळलं नाही त्याचा डाग पडतो,” असं मामंजी गिऱ्हाइकांना समजावून सांगायचे. त्यांचं हे शास्त्र त्यांनी स्वतःच लिहिलं होतं आणि स्वतःच पास केलं होतं. पण आम्हा सगळ्यांना ते खरं वाटायचं. मलाही वाटायचं.

जाऊबाईंचा कागद कायम कोरा.

त्या या घरात आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. वडील लोखंडाच्या कारखान्यात कामाला, घरात भट्टी सोडा, साधा केकही कधी भाजलेला नाही. आल्यावर आठवडाभर त्या मोठ्या भावजींच्या मागे नुसत्या उभ्या राहिल्या आणि आठव्या दिवशी परातीत हात घातला. त्यांचे हात गार होते. भर उन्हाळ्यातसुद्धा गार. आमच्या हाताच्या उबेने पीठ सैल पडायचं, त्यांच्या हातात ते घट्ट राहायचं. वनस्पती तुपाचा नवा डबा आला की त्या झाकण काढून अंगठा दाबायच्या. अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा राहिला तर डबा घ्यायच्या, कडा पाघळल्या तर परत पाठवायच्या. मग ते तूप आणि मैदा बोटांच्या पेरांनी चोळत बसायच्या, अगदी वाळूसारखा कोरडा भुगा होईपर्यंत. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. मी बोळातून डोकावून बघायचे आणि मनात म्हणायचे, एवढं काय त्यात, मीही करीन.

केलं की! मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मामंजी म्हणाले, “धाकट्या सूनबाईंच्या हातचीही एक खेप होऊ दे.” माझ्या माहेरी बिस्किटं लोण्यात व्हायची, मी लोणी घातलं. चव अशी उतरली की आमच्या ह्यांनी उभ्याउभ्या सहा खाल्ली. पण दहा वाजता मामंजींनी कागद उजेडासमोर धरला आणि मध्यभागी बांगडीएवढा गोल डाग. “वा! धाकट्या सूनबाईंचा चंद्र उगवला,” मामंजी म्हणाले. दुकानात शिक्षक होते, शिंपी होता, दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. सगळे खो-खो हसले. एकट्या जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद मामंजींच्या हातातून हळूच घेतला, चार घड्या घातल्या आणि ट्रेखाली सरकवला. त्या हसल्या असत्या तर मी रात्री भांडून मोकळी झाले असते. त्यांनी कीव केली, ती मला अठरा वर्षं पुरली.

तेव्हापासून स्वयंपाकघर माझं आणि भट्टीची खोली त्यांची. गिऱ्हाइकं त्यांना “कोऱ्या कागदाच्या बाई” म्हणायची. दूरच्या वस्तीतून माणसं यायची. डॉक्टरीणबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांचं एकच, “तुमचं बिस्कीट हलकं हो, बोटाला तूप लागत नाही.” माझी पोरंसुद्धा शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बोळ ओलांडायची. “मोठ्या आई, तुटकी आहेत का?” तुटकी म्हणजे ट्रेमधून काढताना मोडलेली. ती विकायची नसत. त्यातली निम्मी माझ्या पोरांना आणि निम्मी जाऊबाईंच्या पोटात. पहाटे चारला उठणारी बाई, जेवायला तीन वाजायचे. तोवर तुटकी आणि चहा यावर त्यांचं भागायचं. तरी अंगावर मांस नाही. मी वरण-भाताकडे नुसतं बघितलं तरी माझ्या ब्लाउजची शिवण उसवायची. हेही माझ्या पोटात दुखायचं, उगाच नाही म्हणत.

मग एका सकाळी त्या पाव भरलेला ट्रे घेऊन दुकानात जाताना बोळातच थांबल्या. ट्रे भिंतीला टेकवला आणि श्वास घेत राहिल्या. मी हातातलं लाटणं तसंच टाकून पुढे गेले. “काही नाही गं धाकटे, छातीवर जरा दडपण आलं,” म्हणाल्या. चेहरा पिठासारखा पांढरा.

दवाखान्यात रक्त तपासलं. कागदावर लालने गोल केलेले आकडे आले. वाईट कोलेस्टेरॉल बरंच वर, चांगलं होतं ते तळाला गेलेलं, आणि ट्रायग्लिसराइड नावाचं तिसरं काहीतरी, तेही भरमसाट. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या अरुंद व्हायला लागल्यात, असंच चालू राहिलं तर झटका यायला वेळ लागणार नाही. वय सत्तेचाळीस. डॉक्टरांना घाई होती, बाहेर रांग होती. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, “तेलकट-तुपकट बंद.”

झालं. घरात तेल कुणाच्या हातात? माझ्या.

मामंजी दुसऱ्या दिवशी प्रथमच स्वयंपाकघरात आले आणि तेलाची बरणी उचलून उजेडासमोर धरली, जणू तिचाही कागद काढायचा होता. “सूनबाई, हात आखडता घ्या जरा.” मी घेतला. भाज्या नुसत्या वाफवायला लागले, फोडणी थेंबाची. घरातले सगळे तोंड वाकडं करून जेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडे आणखी बिघडलेले. मग मात्र कुजबुज सुरू झाली. शिंप्याच्या बायकोने तर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, “धाकटीचा पोटशूळ जुना आहे हो. जेवणात काय घालते कुणाला ठाऊक.”

मला तेव्हा जो संताप आला! अठरा वर्षं जळले हे खरं, पण माझ्या हातच्या जेवणात कधी मीठ कमी-जास्त केलं नाही मी त्यांच्या. आणि जाऊबाईंनीही काय करावं? त्या म्हणाल्या, “तुझी चूक नाही गं, पण मी काही दिवस तुझ्याकडचं जेवतच नाही, म्हणजे कळेल तरी.” आणि त्या सकाळ-दुपार-संध्याकाळ नुसता चहा आणि स्वतःची बिस्किटं यावर राहू लागल्या. बिस्किटं चालतात, कारण कागद कोरा. तेल नाही, तूप नाही, सगळं भट्टीत जळून गेलेलं. घरातल्या सगळ्यांना हे इतकं बरोबर वाटलं की मोठे भावजी त्यांच्यासाठी वेगळी बरणी भरून ठेवायला लागले.

महिन्याभराने धाप वाढली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना तिसऱ्या मजल्यावर आहाराच्या बाईंकडे पाठवलं आणि निरोप दिला, जेवण जी करते तिला घेऊन या. मी गुन्हेगार म्हणून गेले. तो मंगळवार होता. जाऊबाईंना शेजारच्या खोलीत छातीचा आलेख काढायला नेलं आणि मी एकटी टेबलासमोर बसले.

आहाराच्या बाई माझ्यापेक्षा वयाने लहान, पण आवाज शाळेतल्या बाईंसारखा. “सकाळपासून काय खातात, सांगा.” मी सांगितलं. आधी खायच्या ती वाफवलेली भाजी म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. बिस्किटं म्हटल्यावर लेखणी थांबली.

“दिवसाला किती?”

“आता दहा-बारा. पण ती कोरडी असतात. डाग पडत नाही कागदावर.”

“त्यात काय घालता?”

“वनस्पती तूप. वनस्पतीचं असतं ना ते, म्हणून चांगलं.” मी हे म्हटलं खरं. अठरा वर्षं आम्ही सगळे त्या डब्याला पालेभाजीचा सख्खा भाऊ समजत होतो.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे एक कोरा कागद ओढला आणि त्यावर एक वाकडी काडी काढली, शेजारी एक सरळ काडी. “तेलातली चरबी ही अशी असते, मध्ये वाकलेली. वाकलेली असते म्हणून एकमेकींवर रचून बसत नाही, म्हणून तेल पातळ असतं. कारखान्यात त्यात हायड्रोजन घालतात. अर्धवट घातला की काही काड्या अशा सरळ होतात. मग त्या चिकटून बसतात आणि तेलाचं घट्ट तूप होतं. कागदावर ते पाघळत नाही, कारण खोलीत ते घट्टच राहतं. गेलेलं कुठेही नसतं. सगळं बिस्किटात असतं.”

“भट्टीत जळत नाही?”

“जळलं असतं तर बिस्कीट खुसखुशीत कशाने झालं असतं?”

एवढा साधा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडला नव्हता.

त्या पुढे सांगत होत्या. आपल्या शरीराला वाकड्या काड्यांची सवय असते. या सरळ काड्यांचं काय करायचं ते यकृताला नीट उमगत नाही. मग रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि नळ्यांतला कचरा उचलून परत आणणारं जे चांगलं असतं, ते घटतं. साध्या तुपाने वाईट वाढतं, पण याने वाईट वाढतं आणि वर चांगलंही जातं, दोन्हीकडून मार. माणूस बारीक असला तरी सुटका नाही. “तुमच्या फोडणीच्या चमचाभर तेलाने हे झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “ते तेल उलट चाललं असतं. आणि कागदाचं म्हणाल, तर कागद गार असतो. माणसाचं पोट गार असतं का?”

तुमच्या फोडणीने हे झालेलं नाही! मला त्या टेबलावर डोकं टेकून रडावंसं वाटलं. पण खरं सांगते, रडू येण्याआधी दुसरंच काहीतरी आलं. मनात उकळ्या फुटल्या. कोऱ्या कागदाचं कोडं सुटलं होतं. अठरा वर्षं जी दोरीवर मिरवत होती ती हुशारी नव्हतीच, नुसतं घट्ट तूप होतं. आणि माझा चंद्र प्रामाणिक होता. पलीकडच्या खोलीत एका बाईच्या छातीला तारा लावलेल्या आहेत आणि ही इकडे आनंदाने फुलतेय, हे मला दिसत होतं. दिसत असूनही मी फुलत होते.

बाईंनी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, बिस्किटं पूर्ण बंद, वनस्पती तुपातलं सगळं बंद, घरचं जेवण सुरू. खाली सही केली, तारीख घातली. “आज बाहेर रांग आहे, पुढच्या महिन्यात त्यांच्याशी मी बोलेनच. पण तोवर थांबू नका. आजच सांगा. त्यांचे आकडे काही बरे नाहीयेत.”

मी चिठ्ठी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बसमध्ये जाऊबाईंनी विचारलं, “काय म्हणाल्या गं?” आणि मी म्हटलं, “हेच, सांभाळून खा म्हणाल्या.”

का? मी स्वतःला त्या वेळी एक कारण दिलं होतं. घरी नुसतं सांगितलं तर कोण ऐकणार? म्हणतील, हिचा जळफळाट बोलतोय. मामंजी कागद दाखवतील. तेव्हा चारचौघांत दाखवल्याशिवाय पटणार नाही, आणि चारचौघं जमतात रविवारी. रविवारी दहा वाजता दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कारण खोटं नव्हतं, म्हणून तर ते मला पुरलं. त्या कारणाच्या मागे मला काय हवं होतं ते मी जाणून होते. शिक्षक हवे होते, शिंपी हवा होता, त्याची बायको हवी होती. माझ्या चंद्राला हसलेलं एकेक तोंड मला समोर हवं होतं.

बुधवारी मी चिठ्ठी डाळीच्या डब्यात ठेवली. गुरुवारी दुपारी जाऊबाई बोळात पाटावर बसल्या होत्या, धाप लागली होती, उठवत नव्हतं. म्हणाल्या, “धाकटे, बरणी दे गं जरा.” मी बरणी दिली. झाकण घट्ट बसलं होतं, तेही काढून दिलं. त्यांनी चार बिस्किटं खाल्ली, चहात बुडवून, सावकाश. मी समोर बसून शेंगा सोलत होते. शुक्रवारी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, “तुझ्या मुलीला शिकवावं म्हणते मैदा चोळायला. तिचे हात गार आहेत, माझ्यासारखे.” माझ्या पोटच्या पोरीचे हात, आणि तेही त्यांच्यासारखे! मी म्हटलं, “रविवारनंतर बघू.”

शनिवारी मी तालीम केली. सगळे झोपल्यावर नाही, भर दुपारी, भट्टी निवत असताना. तिच्या माथ्यावर कोमट जागा असते, हात ठेवला तर चटका बसत नाही अशी. तिथे कागद आणि त्यावर त्यांचं गार बिस्कीट. पंधरा मिनिटांत कागदावर असा डाग पडला की माझा चंद्र त्याच्यापुढे चांदणी वाटावा. मी तो कागद जाळून टाकला आणि घामाघूम होऊन स्वयंपाकघरात आले.

रविवारी दहाला मामंजींनी नेहमीप्रमाणे काचेमागचा कागद उचलला. कोरा. लोकांनी नेहमीप्रमाणे माना डोलावल्या. तेव्हा मी बोळातून पुढे आले, हातात दुसरा कागद. त्याच खेपेतलं बिस्कीट, फक्त भट्टीच्या माथ्यावर पंधरा मिनिटं ठेवलेलं.

“मामंजी, हाही धरा उजेडासमोर. भट्टीवरचा आहे.”

त्यांनी धरला. कागद आरपार झाला होता. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती, खिडकीतले गज मोजता येत होते.

“भट्टीवर ठेवलंत तर पडणारच डाग,” मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज मात्र खाली आला होता.

“मग माणसाचं पोट गार असतं का?” मी विचारलं. हे वाक्य मी पाच दिवस घोकलं होतं. मग वाकडी काडी, सरळ काडी, यकृत, वाईट आणि चांगलं, सगळं धडाधड सांगितलं. मध्ये एकदा अडखळले, पण शिंप्याच्या बायकोकडे बघितल्यावर पुन्हा गाडी सुरू झाली. “माझ्या फोडणीने काही झालेलं नाही. ही बिस्किटंच त्यांचा जीव घेतायत. खोटं वाटतं? ही घ्या चिठ्ठी. दवाखान्याची सही आहे.”

चिठ्ठी मी मामंजींसमोर धरली होती, पण ती घेतली जाऊबाईंनी. भट्टीच्या खोलीच्या दारात त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नाही. हात पिठाने भरलेले, पदराला पुसून त्यांनी चष्मा नाकावर घेतला. मी वाट बघत होते. त्या रडतील, नाहीतर चिडतील, नाहीतर म्हणतील, ही तर जळकीच आहे पहिल्यापासून. काहीही चाललं असतं मला.

त्यांनी चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली. मग सहीच्या शेजारी बोट ठेवलं.

“आज रविवार ना गं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“ही मंगळवारची आहे.”

दुकानातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मंगळवारची तर मंगळवारची. मामंजी अजून कागदातून खिडकी बघत होते.

“गुरुवारी बरणी तूच दिलीस मला,” जाऊबाई म्हणाल्या. इतक्या हळू, की फक्त मला ऐकू आलं. “झाकणसुद्धा काढून दिलंस.”

आणि त्या आत गेल्या. लोकांना वाटलं, डाग बघून त्यांना धक्का बसला. शिक्षक म्हणाले, “फार अभिमान होता हो त्यांना.” शिंप्याची बायको माझा दंड धरून म्हणाली, “तुमचे उपकार झाले, वाचवलंत तुम्ही त्यांना.” तिने माझी माफी मागितली, भर दुकानात, सगळ्यांसमोर. जे जे हवं होतं ते सगळं मिळालं मला त्या सकाळी.

जाऊबाईंनी त्या दिवसापासून बिस्किटाला हात लावला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मामंजींना सांगितलं, वनस्पतीचे डबे परत पाठवा, नाहीतर मी भट्टीसमोर उभी राहणार नाही. मामंजींनी दोरी काढली. चार दिवस ते स्टुलावर बसलेच नाहीत. मग बिस्किटं तेलात आणि लोण्यात व्हायला लागली, डाग पडणारी, आणि ती करायला जाऊबाईंच्या अंगात ताकद नव्हती म्हणून ती माझ्याकडे आली. भट्टीची खोली माझी झाली. काही गिऱ्हाइकं तुटली, काही राहिली. राहिलेली अजून म्हणतात, बाईंच्या हातची मजा नाही. मी पूर्वी असं ऐकून दिवसभर धुमसले असते. आता मीही म्हणते, नाहीच.

त्यांचे आकडे हळूहळू उतरले. वाईट कमी झालं, चांगलं थोडंसं वर आलं. पण वीस-बावीस वर्षांचं साचलेलं एकदम कुठे जाणार? दीड वर्षाने एका नळीत जाळी बसवावी लागली. दवाखान्याच्या बाहेर बाकावर मी आहाराच्या बाईंना गाठलं आणि विचारलं, समजा कुणी पाच दिवस उशीर केला असता, तर त्या पाच दिवसांनी किती फरक पडला असता? त्या म्हणाल्या, बावीस वर्षांपुढे पाच दिवस म्हणजे काहीच नाही. मी त्यांना पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या आणि जरा चमत्कारिक नजरेने माझ्याकडे बघत निघून गेल्या.

जाऊबाईंनी मला याबद्दल कधी काही विचारलं नाही. भावजींना सांगितलं नाही, मामंजींना नाही, माझ्या पोरांना तर नाहीच. मी वाट बघत राहिले, आज बोलतील, उद्या बोलतील. सांगितलं असतं तर मीही चार गोष्टी सुनावल्या असत्या, चंद्राचं काढलं असतं, आणि आम्ही दोघी फिटाफिट करून मोकळ्या झालो असतो. त्यांनी तीही सोय ठेवली नाही. शुक्रवारी बोलल्याप्रमाणे माझ्या मुलीला मैदा चोळायला शिकवलं, तिच्या गार हातांवर आपले गार हात ठेवून. याचासुद्धा हेवा वाटतो मला. मी त्यांच्या जागी असते तर एक दिवस गप्प बसू शकले नसते.

आता त्या माझ्याच हातचं जेवतात. दोन्ही वेळा. बिनतक्रार, आणि पूर्वीपेक्षा चवीने. मी ताट वाढते, समोर ठेवते. त्या ताटाकडे बघतही नाहीत. आधी माझ्या तोंडाकडे बघतात, क्षणभरच, आणि मग पहिला घास घेतात.